हाडात मुरलेले औषध ३० दिवसांत उतरत नाही: घोडदौड नियामक संस्थांना खुले पत्र

प्रति,
घोड्यांच्या शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या देशोदेशीच्या संस्था, त्यांचे स्ट्युअर्ड (शर्यतींवर देखरेख ठेवणारे पंच) आणि पशुवैद्यकीय समित्या

सप्रेम नमस्कार.

मी घोड्यांचा डॉक्टर. उमेदीची सगळी वर्षे शर्यतीच्या घोड्यांच्या पायांशी बसून काढली. पहाटे अंधारातच तबेल्यात शिरायचे, मोतद्दाराने घोडा धरायचा आणि मी खाली बसून गुडघ्यापासून नळीवरून घोट्यापर्यंत एकेका पायावर तळहात फिरवायचा. कुठे ऊब लागते का, कुठे भरल्यासारखे वाटते का, हे हाताला कळते. नळीच्या पुढच्या अंगाला अंगठ्याने दाबले आणि तिथले हाड दुखावलेले असले, की घोडा पाय झटकन मागे घेतो आणि कान पाडतो. दुखते आहे हे सांगायला त्याच्याकडे एवढेच असते. त्या झटक्यावर भरवसा ठेवून मी कितीतरी घोड्यांना 'आज पळवायचे नाही' असे सांगितले, आणि ट्रेनर लोकांनी कुरकुर करत का होईना, ऐकले.

मग हा झटकाच बंद करणारे औषध आमच्या हाती आले. त्याला बिस्फॉस्फोनेट म्हणतात. घोड्यांमध्ये वापरली जाणारी त्यातली दोन ठळक नावे म्हणजे क्लोड्रोनेट आणि टिलुड्रोनेट. माणसांसाठी केलेले झोलेड्रोनेटही याच गटातले. माझी आपल्याकडे मागणी एकच आहे: शर्यतीसाठी जन्माला घातलेल्या घोड्याला, जन्मापासून शर्यतीतून निवृत्त होईपर्यंत, या गटातले कोणतेही औषध देण्यावर संपूर्ण बंदी घाला. काही देशांनी ती घातली आहे. जिथे अजून 'अमुक वयाच्या वर चालेल' आणि 'शर्यतीआधी अमुक दिवस देऊ नका' एवढ्यावर काम भागवले जाते, त्या संस्थांसाठी मी मुख्यतः लिहितो आहे.

आधी हाडाबद्दल थोडे, कारण सगळा घोळ तिथेच आहे. घोड्याचे वजन साधारण ५०० किलो. ताशी ६० किलोमीटरच्या वर वेग गेला की प्रत्येक ढांगेत असा एक क्षण येतो, जेव्हा सगळा भार एकट्या पुढच्या पायावर असतो. त्या क्षणी त्या पायावर वजनाच्या जवळजवळ अडीचपट जोर येतो, आणि तो पेलणारी नळी माणसाच्या मनगटाहून फार जाड नसते. असे शेकडो दणके एका दौडीत बसतात. हाडात बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. पडायलाच हव्यात, कारण त्या पडतात म्हणून हाडाला कळते की इथे आणखी मजबुती लागणार आहे.

मग दुरुस्ती सुरू होते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी चिरा गेलेले हाड कुरतडून काढतात. त्यांच्या मागून ऑस्टिओब्लास्ट पेशी येतात आणि ती पोकळी नव्या हाडाने भरतात. ओल आलेल्या भिंतीचे पोपडे आधी खरवडून काढावे लागतात, तेव्हा कुठे नवा गिलावा धरतो; तसेच हे. खरवडायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. मधल्या काळात ती जागा पोकळ, हळवी आणि कमजोर असते. घोडा लंगडतो तो बहुधा याच काळात. तेव्हा त्याला आराम द्यायचा असतो, आणि आराम महाग पडतो. महिनोन्‌महिने खुराक, तबेला, मोतद्दाराचा पगार, सगळे चालू आणि घोडा मात्र शर्यतीत नाही. मालकाची ही अडचण खरी आहे, मी ती जवळून पाहिली आहे.

बिस्फॉस्फोनेट या दुरुस्तीच्या पहिल्याच पायरीवर घाव घालते. हे औषध हाडातल्या खनिजाला जाऊन चिकटते, आणि विशेषकरून जिथे हाडाची मोडतोड आणि बांधणी जोरात चालू असते तिथे जास्त चिकटते. कुरतडायला आलेली पेशी हाडाबरोबर तेही गिळते आणि निकामी होते. पोपडे खरवडायला कोणी उरत नाही. हाड झिजायचे थांबते, एक्स-रेवर ते भरीव, पांढरे दिसते, बऱ्याच घोड्यांचे दुखणेही कमी होते. म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ हाडांना हे वरदान आहे, कारण तिथे बांधणीपेक्षा झीज जास्त हा मूळ आजारच असतो. दोन वर्षांच्या घोड्याला तो आजार नसतो. त्याचे हाड अजून घडते आहे. उत्तर गोलार्धात सगळे थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, १ जानेवारीला एक वर्षाने मोठे धरतात. म्हणजे मेच्या मध्यात जन्मलेले शिंगरू कागदावर दोन वर्षांचे होते तेव्हा प्रत्यक्षात वीस महिन्यांचेही नसते. अशा हाडात झीज थांबवायची म्हणजे घडणेच थांबवायचे.

'घनता वाढते' हे शब्द ऐकायला छान वाटतात, पण घनता आणि ताकद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चिरा तशाच राहून भोवतीचे जुने खनिज दाटत गेले, तर हाड फोटोत उजळ दिसते आणि आतून चिरलेलेच राहते.

आता माझी गोष्ट सांगतो. घोडीचे नाव, गाव, मालक काही सांगणार नाही. दोष द्यायचाच तर मला द्यावा.

चार वर्षांची तांबडी घोडी, कपाळावर बोटभर पांढरा टिळा. पुढच्या दोन्ही खुरांच्या टाचेत दुखणे. खुराच्या आत होडीच्या आकाराचे एक छोटे हाड असते, त्याचा हा आजार, नॅव्हिक्युलर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये क्लोड्रोनेट आणि टिलुड्रोनेट या दोन्हींना घोड्यांसाठी परवानगी दिली ती याच दुखण्यासाठी, आणि चार वर्षे व त्यावरील घोड्यांसाठी. म्हणजे मी नियमाबाहेर काही केले नाही. वय बसत होते, निदान बसत होते. मी क्लोड्रोनेटचा डोस तीन ठिकाणी विभागून स्नायूत दिला. तिसऱ्या आठवड्यात घोडी दगडी फरशीवर सरळ दुडकी चालली. मोतद्दाराने हसून माझ्याकडे पाहिले, आणि मलाही बरे वाटले. शर्यतीआधी पाळायची मुदत आम्ही दिवस मोजून पाळली.

पाच महिन्यांनी सकाळच्या सरावात, वळण संपून सरळ रेषेत येताना, तिच्या डाव्या पुढच्या नळीचे खालचे टोक फुटले. जॉकी दूर फेकला गेला, खांद्यावर निभावले. मी पोहोचलो तेव्हा घोडी तीन पायांवर उभी होती आणि चौथा पाय टेकवायचा पुन्हापुन्हा प्रयत्न करत होती. हिरवा पडदा आडवा धरला. पुढचे इंजेक्शनही मीच दिले.

शवतपासणीला मी थांबलो. सांध्याच्या पृष्ठभागावरची ताजी भेग पांढरीशुभ्र आणि धारदार होती. पण तिच्या एका कडेला नखाएवढा भाग करडा, बोथट होता. ती चीर त्या सकाळची नव्हती. तिथे आधीपासून काहीतरी चालले होते, आणि आदल्या दिवशी त्याच जागेवर मी अंगठा दाबला होता. घोडीने पाय ओढला नव्हता.

औषधामुळेच हाड मोडले असे मी शपथेवर सांगणार नाही. औषध न घेतलेल्या घोड्यांचीही हाडे अशीच मोडतात. पण मी दुखणे खुराचे धरून औषध दिले आणि ते काही फक्त खुरात गेले नाही. जिथे जिथे हाड स्वतःला दुरुस्त करत होते, तिथे तिथे गेले. दुरुस्ती करणाऱ्या पेशी मी थांबवल्या आणि इशारा देणारे दुखणे झाकले. एवढे मला नक्की ठाऊक आहे, आणि त्यानंतर मी शर्यतीच्या एकाही घोड्याला हे औषध दिले नाही.

तो करडा भाग हा एकट्या माझ्या घोडीचा अपवाद नाही. कॅलिफोर्नियात १९९० पासून शर्यतीत दगावलेल्या घोड्यांची पद्धतशीर शवतपासणी होते. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. स्यू स्टोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वर्षानुवर्षे एकच गोष्ट पुढे आणली: जीवघेणे अस्थिभंग बहुतांशी अचानक होत नाहीत, त्या जागी आधीच इजा असते. म्हणजे मोडण्यापूर्वी घोडा वाचवायला वेळ असतो. या वेळात आपल्या हाती दोनच गोष्टी असतात, दुखण्याची खूण आणि हाडाची स्वतःची दुरुस्ती. बिस्फॉस्फोनेट नेमके या दोन्हींवर हात टाकते.

माणसांच्या वैद्यकाने हा धडा आधीच घेतला आहे. याच गटातले अलेंड्रोनेट १९९५ मध्ये ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, बाजारात आले आणि लाखो स्त्रियांना त्याचा फायदा झाला, हे खरेच. पण २००३ पासून जबड्याचे हाड मरण्याच्या नोंदी येऊ लागल्या. २०१० मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने इशारा दिला की दीर्घकाळ ही औषधे घेणाऱ्यांत मांडीचे हाड वेगळ्याच प्रकाराने, किरकोळ कारणाने आडवे तुटू शकते. मांडीत किंवा जांघेत नव्याने दुखू लागले तर लगेच डॉक्टरांना सांगा, असे रुग्णांना बजावले गेले. काही वर्षांनी औषध थांबवायचे का याचा विचार करण्याची पद्धतही रूढ झाली. ती माणसे घरात चालत होती, जिने चढत होती. त्याच गटातले औषध हाडात घेऊन घोडा दर ढांगेला अडीचपट भार एका पायावर घेतो, आणि आपली जांघ दुखते हे तो कोणाला सांगणार?

आता आपल्या नियमांकडे येतो. अनेक ठिकाणी मान्य झालेला, ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटीनेही लागू केलेला नियम असा होता: साडेतीन वर्षांखालच्या घोड्याला हे औषध द्यायचे नाही, आणि त्यावरच्या घोड्याला दिल्यास शर्यतीपूर्वी ३० दिवस जाऊ द्यायचे. ज्यांनी हे लिहिले त्यांचा हेतू चांगला होता, त्या काळात तेही मोठे पाऊल होते. पण ३० दिवस कशाचे? वेदनाशामक रक्तातून काही दिवसांत उतरते, म्हणून त्याला मुदत लावता येते; मुदत संपली की घोडा स्वतःच्या पायावर पळतो असे मानता येते. हे औषध रक्तातून लवकर जाते ते हाडात जाऊन बसण्यासाठी. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शेवटचा डोस दिल्यावर तीन वर्षांहून अधिक काळानेही शर्यतीच्या घोड्यांच्या रक्तात आणि लघवीत टिलुड्रोनेट सापडले. तीन वर्षे म्हणजे बहुतेक घोड्यांची अख्खी कारकीर्द. ३० दिवसांच्या मुदतीने घोड्याच्या हाडात काहीही बदलत नाही, कागद मात्र स्वच्छ होतो. माझ्या घोडीचा कागदही स्वच्छच होता.

वयाच्या अटीचेही तेच. कोवळ्या हाडाला धोका जास्त म्हणून ती अट घातली, बरोबर. पण शर्यतीच्या घोड्याच्या हाडाची दुरुस्ती साडेतीन वर्षांना संपत नाही. पाचव्या, सहाव्या वर्षी मोठ्या विश्रांतीनंतर घोडा पुन्हा सरावाला येतो, तेव्हा त्याचे हाड पुन्हा नव्याने भाराशी जुळवून घेत असते. त्या वेळी हाड कुरतडणाऱ्या त्या पेशी लागतातच.

आणि एक जागा अशी आहे जिथे आपले स्ट्युअर्ड पोहोचतच नाहीत: लिलाव. एक वर्षाच्या शिंगरांची विक्री होते तेव्हा त्यांचे एक्स-रे आधी जमा केलेले असतात आणि खरेदीदारांचे डॉक्टर ते पाहतात. घोट्यामागे सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडे असतात. त्यात रुंद रेषा किंवा पोकळ्या दिसल्या की किंमत पडते. मी स्वतः असे फोटो उजेडावर धरून 'हे नको' म्हटले आहे. आता विचार करा, फोटो काढण्याआधी काही महिने शिंगराला या औषधाची सुई दिली तर? विकणारा पैसे घेऊन मोकळा. दोन वर्षांनी त्या घोड्यावर जो जॉकी बसेल, त्याला आपण कशावर बसलो आहोत हे ठाऊक नसते. ट्रेनरला नसते, मालकाला नसते, माझ्यासारख्या डॉक्टरलाही नसते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या लिलाव कंपन्यांनी चार वर्षांखालच्या विक्रीच्या घोड्यांत याचा वापर निषिद्ध ठरवला, खरेदीदाराला चाचणी मागण्याचा आणि औषध सापडल्यास घोडा परत करण्याचा हक्क दिला. बाजारालाच जर या औषधाची भीती वाटली, तर नियामकांनी मागे का राहावे?

पूर्ण बंदी अंमलात आणता येते याचे उदाहरणही समोर आहे. अमेरिकेत हॉर्सरेसिंग इंटिग्रिटी अँड सेफ्टी अथॉरिटीचे औषधविषयक नियम २२ मे २०२३ पासून लागू झाले आणि त्यात बिस्फॉस्फोनेट सरसकट निषिद्ध आहे. तिथे दर हजार धावांमागे दगावणाऱ्या घोड्यांचे प्रमाण २००९ मध्ये २.०० होते, २०२३ मध्ये ते १.३२ झाले. ही घसरण त्या बंदीच्या आधीपासून, बऱ्याच वर्षांत झाली आहे. तिचे श्रेय कोणत्याही एका नियमाला देता येणार नाही. धावपट्टीची देखभाल, शर्यतीपूर्वीची तपासणी, औषधांवरचे निर्बंध, सगळ्याचा हात त्यात आहे. पण कडक नियमांनी घोडे वाचतात, एवढे त्यातून दिसते.

आक्षेप मला माहीत आहेत, कारण त्यातले काही मीच एके काळी घेतले आहेत. पहिला, शर्यतीच्या घोड्यांत या औषधाने हाडे मोडतात याचा थेट, निर्णायक पुरावा कुठे आहे? मोठा अभ्यास नाही हे मान्य. पण तो व्हायचा कसा? शेकडो घोड्यांना औषध देऊन, पळवून, किती मोडतात ते मोजायचे? औषध काय करते ते माहीत आहे, किती काळ राहते ते माहीत आहे, माणसात काय झाले ते माहीत आहे. यापुढे औषध घोड्याला निर्धोक आहे हे दाखवण्याची जबाबदारी औषध वापरू पाहणाऱ्यावर असायला हवी.

दुसरा आक्षेप माझ्या जास्त जिव्हाळ्याचा: मोठ्या वयाच्या घोड्याला खरोखर नॅव्हिक्युलर असेल तर त्याला दुखतच ठेवायचे का? मुळीच नाही. द्या औषध. पण ज्या दिवशी ती सुई दिली, त्या दिवशी त्याची शर्यतीतली नोंदणी कायमची रद्द झाली पाहिजे. मग तो कुरणात राहो, हळू फेरफटक्याला जावो. ज्या घोड्याला हाडाचे दुखणे दाबल्याशिवाय पळता येत नाही, त्याला दाबून पळवणे हा उपचार नाही.

तिसरा आक्षेप ट्रेनरचा: घोडा लहान असताना कोणी सुई दिली असेल तर शिक्षा मला का? हा रास्त आहे आणि नियमात याचे उत्तर हवे. प्रत्येक शिंगराची उपचारनोंद जन्मापासून ठेवावी, ती घोड्याच्या पासपोर्टबरोबर हातोहात जावी. लिलावात आणि नव्या तबेल्यात दाखल होताना चाचणी व्हावी, तिचा खर्च विकणाऱ्याकडून घ्यावा. तिथे औषध सापडले तर नवा ट्रेनर निर्दोष, पण घोडा शर्यतीस अपात्र, आणि किंमत परत. रक्ताची चाचणी कधी काही पकडेल, कधी निसटेल. हाडातून हे औषध थोडे थोडे आणि अनियमित बाहेर पडते. म्हणूनच एका चाचणीवर विसंबू नये. नोंदवह्या, औषधविक्रीच्या पावत्या, अचानक तपासण्या, हे सगळे लागेल. आणि बंदी नावानिशी एकेका औषधावर नको, अख्ख्या गटावर हवी, नाहीतर क्लोड्रोनेट गेले की दुसरे येईल.

दुखणे झाकण्याऐवजी शोधण्यावर पैसा खर्च करा, अशीही विनंती आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर २०१९ च्या अखेरीस घोड्याला भूल देऊन आडवे न करता, उभ्या उभ्या घोट्याचे पेट स्कॅन काढणारे यंत्र बसवले गेले. एक्स-रेवर न दिसणारी, हाडाची मोडतोड आणि बांधणी जोरात चाललेली जागा त्यात उजळून दिसते. असे यंत्र माझ्या हाताशी असते तर त्या घोडीचा करडा डाग मला शवविच्छेदनाच्या टेबलावर भेटला नसता, असे मला वाटते. सगळ्या रेसकोर्सना ते परवडणार नाही हे समजते. पण जिथे परवडते तिथेही रांगेत आधी तोच घोडा असावा, ज्याच्याबद्दल मोतद्दार म्हणतो की 'आज हा वेगळा चालतोय'. मोतद्दाराचे हे वाक्य लिहून घेण्याची सोय आपल्या नियमांत कुठेच नाही. तेवढीही करा.

माझ्या जुन्या नोंदवह्या माझ्याकडे आहेत: कोणत्या घोड्याला कोणत्या तारखेला काय दिले, कुठे दुखत होते, पुढे काय झाले. आपल्यापैकी कोणत्याही समितीला त्या पाहायच्या असतील तर मालकांची नावे झाकून मी त्या देईन आणि प्रश्नांना उत्तरे द्यायला येईन. त्या तांबड्या घोडीचे पानही त्यात आहे, माझ्या सहीसकट.

आपला,
एक निवृत्त अश्ववैद्य